हजार विड्या वळ, मग झोप कशी येत नाही बघू!



ताप आला तर लोक विचारतात, "किती आहे?" पाय मोडला तर विचारतात, "कधी निघणार प्लास्टर?" पण झोप येत नाही म्हणून सांगा, समोरचा काही विचारत नाही, थेट उपाय सांगतो. आमच्या बेळगाव-निपाणी भागात तर प्रत्येक घरात निदान एक झोपेचा वैद्य असतोच. मी चार वर्षं या वैद्यांच्या ताब्यात होतो. त्यांचे उपाय, त्यातलं काय टिकलं, आणि शेवटी गाडी कशाने रुळावर आली, ते या महिन्यात सांगतो. आपल्या वयाच्या, रात्री लॅपटॉप उघडा ठेवणाऱ्या मंडळींना उपयोगी पडेल असं वाटतं.

सुरुवात २०२१ च्या मे महिन्यातली. कोरोनाची दुसरी लाट होती. बाबा अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. आत जायला परवानगी नव्हती, फोन येईल तेवढीच बातमी. मी मोबाईल उशीशी ठेवून पडायचो. डोळा लागला आणि फोन आला तर, या विचाराने डोळा लागायचाच नाही. बाबा बरे होऊन घरी आले. आठवड्याभरात त्यांचं घोरणंही पहिल्यासारखं सुरू झालं. माझी झोप मात्र हॉस्पिटलातून परत आलीच नाही. रात्री अकराला पडायचं, दीड-दोनला कधीतरी डोळा लागायचा आणि पहाटे चारला टक्क जाग.

त्यात काम अमेरिकेतल्या टीमबरोबर. तिकडे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतं. त्यामुळे उन्हाळ्यात रात्री साडेआठची मीटिंग हिवाळ्यात साडेनऊला जाते. घड्याळ ते फिरवतात आणि जागायचं आपण.

आता उपायांकडे वळू.

पहिला मान आईचा. सहाणेवर जायफळ उगाळून ते कोमट दुधात. दूध म्हशीचंच, यावर आई ठाम. गंमत म्हणजे चरकसंहितेचाही तिला पाठिंबा आहे. झोप आणणाऱ्या गोष्टींत म्हशीचं दूध श्रेष्ठ, असं चरकांनी सांगून ठेवलंय. सूत्रस्थानात झोप न येणाऱ्यासाठी आणखी एक यादी आहे. अंगाला तेल, स्नान, दूध, तूप, दहीभात, मनाला बरे वाटणारे गंध आणि आवाज. दहीभाताचं वाचून मी खूश झालो, कारण आमच्याकडे जेवण दहीभाताशिवाय संपतच नाही. म्हणजे निम्मा उपाय जन्मापासूनच चालू होता! जायफळाबद्दल एक सांगतो. ते चिमूटभरच घ्यायचं असतं. झोप येत नाही म्हणून चमच्याने घेतलं तर उलट्या, धडधड, भ्रम असा त्रास होतो.

शेजारच्या कन्नड काकूंनी गसगसे पायसा आणून दिलं, म्हणजे खसखस, खोबरं आणि गुळाची खीर. कर्नाटकात झोपेसाठी याचं मोठं नाव. वाटी चाटूनपुसून खाल्ली. त्या रात्री दुपारच्या झोपेसारखी एक सुंदर डुलकी लागली, दीड तासाची. नंतर पुन्हा पंखा मोजत बसलो. पण काकूंना मी "छान झोप लागली" असंच सांगतो, कारण खीर अजून येते.

काकाने ब्राह्मीचं तेल आणलं. आत्याने काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळलं. बरं वाटायचं, नक्की वाटायचं. कुणीतरी आपले पाय हातात घेऊन पंधरा मिनिटं बसतं, यानेच निम्मा ताण उतरतो. पण आत्या खानापूरला परत गेली की वाटी कपाटात जायची.

एका पाहुण्यांनी सर्पगंधाच्या गोळ्या सुचवल्या. इथे मी थोडं वाचलं, आणि तुम्हीही वाचायला हवं. सर्पगंधा ही खरोखर काम करणारी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरच्या तिच्या परिणामाचा लेख लिहिला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पण याच रेसर्पिनमुळे काहींचा रक्तदाब फार खाली जातो, काहींना नैराश्य येतं. 'झाडपाल्याचं आहे, काय होणार?' या वाक्याला सर्पगंधा हे सरळ उत्तर आहे. जे गुण देतं ते अवगुणही देऊ शकतं. अश्वगंधेचंही तसंच. झोप थोडी सुधारते असं काही लहान अभ्यासांत दिसलंय, पण थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

सगळ्यात कडक उपाय निपाणीच्या आजीचा. माझं आजोळ निपाणीचं. तंबाखूची पेठ, आणि आजीच्या गल्लीत घरोघरी सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. आजी मला म्हणाली, "दिवसभर खुर्चीत बसतोस की रे तू! दिवसाला हजार विड्या वळ, मग झोप कशी येत नाही बघू!" सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री दोनला मी पाणी प्यायला उठलो तेव्हा आजी अंधारात बसून मिश्री लावत होती. म्हणाली, "झोप येईना, म्हणून जरा लावालोय." आता मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तंबाखूतलं निकोटिन मेंदूला जागं करणारं. म्हणजे झोप येत नाही म्हणून मिश्री आणि मिश्रीमुळे झोप नाही. आयुष्यभर कष्ट केलेल्या बाईलाही झोप नव्हती, हे त्या रात्री कळलं. 'कष्ट करा, झोप येते' हे अर्धंच खरं. हालचालीने झोप सुधारते, पण थकवा वेगळा आणि झोप वेगळी. माणूस मेलेल्यासारखा थकूनही जागा राहू शकतो.

चहाचंही इथेच सांगून टाकतो. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही रक्तात असतं. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, गेला की चहा, आणि मीटिंग लांबली की परत चहा.

मी इंजिनिअर, म्हणून घड्याळही घेतलं, झोप मोजणारं. सकाळी उठल्यावर ते मार्क द्यायचं. शंभरपैकी ५२ आले की दिवस तिथेच बसायचा. या प्रकाराला संशोधकांनी २०१७ मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असं नावच दिलंय. म्हणजे आकडे परिपूर्ण करण्याच्या नादात झोप आणखी उडणं. घड्याळ बाबांना दिलं. ते त्यात फक्त वेळ बघतात.

या सगळ्यात चार वर्षं गेली. मग एका रविवारी निपाणीहून बेळगावला परत येताना गोष्ट वेगळ्या वळणावर गेली. गाडी मी चालवत होतो, मागे मुलगी झोपलेली. तवंदी घाट उतरलो, आणि संकेश्वरच्या अलीकडचे दोन-तीन किलोमीटर मला आठवेचनात. डोळे उघडे होते, पण मधला रस्ताच गायब. मी गाडी बाजूला घेतली आणि चावी बायकोच्या हातात दिली. काकतीपर्यंत दोघंही काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "उद्या डॉक्टर. खीर नाही, तेल नाही. डॉक्टर."

डॉक्टरांनी आधी बाकीची कारणं तपासली. थायरॉईड, रक्त, चालू औषधं, आणि मी घोरतो का. हा घोरण्याचा प्रश्न महत्त्वाचा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं, असं असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्याची तपासणी वेगळी आणि उपचारही वेगळा. (बाबांची तपासणी याच निमित्ताने झाली.) आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ झोपेचा त्रास असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. मी त्यात आरामात बसत होतो.

गोळी मिळेल अशी माझी अपेक्षा होती. डॉक्टर म्हणाले, गोळी काही दिवसांसाठी देता येते, पण पहिला उपचार तो नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही २०१६ मध्ये हेच सांगितलंय, की जुनाट निद्रानाशावर आधी सीबीटी-आय, म्हणजे झोपेसाठीची वर्तन-विचार उपचारपद्धती. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या गोळ्या आपल्याकडे शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशा. ओळखीच्या दुकानातून 'अर्धी घे, काही होत नाही' म्हणत देणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. सवय लागते, आणि एकदम बंद केली तर त्रास आणखी वाढतो.

बेंगळुरूच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंबरोबर व्हिडिओवर सहा बैठका झाल्या. मूळ कल्पना साधी आहे. आर्थर स्पीलमन या शास्त्रज्ञाने निद्रानाशाची कारणं तीन थरांत मांडली. काहींचा स्वभावच मुळात हलक्या झोपेचा असतो. मग एखादी घटना झोप मोडते. आणि ती घटना संपल्यावरही, झोप परत मिळवायला आपण जे जे करतो, तेच निद्रानाश टिकवून धरतं. लवकर पडणं, उशिरा उठणं, दुपारी भरपाई, अंथरुणात तासन्‌तास वाट बघणं. बाबा तर कधीच घरी आले होते, मी मात्र चार वर्षं त्या फोनची वाट बघत पडलो होतो. अंथरूण म्हणजे जागायची जागा, हे माझ्या मेंदूने पाठ केलं होतं.

त्यावर दोन मुख्य नियम. पहिला १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी मांडलेला. अंथरूण झोपेसाठीच. पेंग आली तरच पडायचं. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परत. घड्याळ बघायचं नाही, वेळ अंदाजानेच. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, रविवारीसुद्धा.

दुसरा नियम स्पीलमन यांचा, १९८७ चा, आणि ऐकायला उलटा. झोप कमी असेल तर अंथरुणातला वेळही कमी करायचा! दोन आठवडे वहीत नोंद केली. अंथरुणात साडेआठ तास, झोप पाच तास, म्हणजे ५९ टक्के. मला वेळ मिळाली रात्री एक ते सकाळी साडेसहा, फक्त साडेपाच तास. पहिले दहा दिवस भयंकर गेले. गाडी बंद, चिडचिड चालू, आणि रात्री एकपर्यंत जागं राहणं हीच मोठी परीक्षा. पण झोपेचा दाब साठत गेला. ८५ टक्क्यांच्या वर गेलं की पंधरा मिनिटं वाढवायची. आठ आठवड्यांनी बारा ते साडेसहा, त्यात झोप पावणेसहा तासांच्या वर. ज्यांना फिट्स येतात, बायपोलरचा आजार आहे किंवा रोज वाहन-यंत्र चालवावं लागतं, त्यांनी हा प्रयोग डॉक्टरशिवाय करू नये.

एक गोष्ट खास आपल्या सीमाभागातल्या मुलांसाठी. रात्रीच्या काळज्या संध्याकाळीच कागदावर लिहायचा अभ्यास होता. बाई इंग्रजी-कन्नड बोलणाऱ्या, म्हणून मी इंग्रजीत लिहायला लागलो. कागदावर ऑफिसच्या कामांची यादी दिसायची, आत काहीच हलायचं नाही. बाई म्हणाल्या, तीन वाजता मन कुठल्या भाषेत बोलतं, त्या भाषेत लिहा. मग मराठीत लिहिलं, "बाबा गेले असते तर?" एवढंच. चार वर्षं हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं. शाळा एका भाषेत, बाजार दुसरीत, नोकरी तिसरीत, असं जगताना काळजी कुठल्या भाषेत राहते ते आपण विसरतो. लिहिल्यावर ते वाक्य बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "मी काय गेलो नाही की. झोप तू."

आज मी पूर्ण बरा झालोय असं नाही. महिन्यातून तीन-चार रात्री अजून बिघडतात. पण बिघडलेल्या रात्रीची भीती गेली, आणि अर्धा आजार त्या भीतीचाच होता. उशिराची मीटिंग आठवड्यातून दोनच दिवस ठेवायला टीम तयार झाली. मागितल्यावर मिळालं, एवढंच सांगतो.

तेव्हा मंडळी, दूध प्या, पाय चोळून घ्या, खीर आली तर सोडू नका. पण तीन महिने उलटले असतील तर डॉक्टरकडे जा. आपल्याकडे अजून 'धारवाड' म्हटलं की लोक डोक्याला बोट लावून हसतात. हसू द्या. तिथली डिमहान्स आणि बेंगळुरूची निमहान्स या उत्तम सरकारी संस्था आहेत. मन फारच घाबरं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येतं. आणि घरातलं कुणी "झोप येईना" म्हणालं, तर उपाय सांगण्याआधी एकदा विचारा, "कधीपासून?"

तुमच्या घरचा झोपेचा वैद्य कोण आणि त्याचा उपाय काय, ते नक्की कळवा. निवडक उपाय पुढच्या अंकात. हजार विड्यांचा मात्र आधीच आलाय!