वटवाघळांचा शेजार

उज्जैन शहराच्या दक्षिणेस, इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून नानाखेडा नावाचा भाग आहे. खेडे आता नावातच उरले आहे. आज तेथे बसस्थानक आहे, क्रीडांगण आहे, दुकानांच्या रांगा आहेत आणि चहूकडे नव्या वसाहती उठल्या आहेत. शिंदे सरकारांच्या अमदानीपासून माळव्यात मराठी कुटुंबे नांदत आली. त्यांपैकीच एका घरच्या भगिनींनी आम्हास पत्र धाडले आहे. त्यांच्या गल्लीच्या टोकाला जुना पिंपळ आहे व त्यावर मोठमोठ्या वटवाघळांची वस्ती आहे. दिवसभर ती उलटी लोंबकळून आपसांत कलकलाट करतात, दिवेलागणीस उडून जातात आणि जाताना गच्चीवर वाळत घातलेली धुणी खराब करतात. पिंपळ तोडावा असा अर्ज नगर निगमाकडे करण्यासाठी शेजाऱ्यांनी सह्या गोळा करावयास आरंभ केला आहे. या भगिनींची सून गरोदर आहे आणि घरात दोन लहान नातवंडे आहेत. सही करावी की करू नये, असे त्या विचारतात.

आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. सही करू नये. मात्र ‘भिऊ नका’ एवढे म्हणून अशा पत्राची बोळवण करणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. ज्या घरात बाळ येऊ घातले आहे त्या घराने काळजी करावी हे योग्यच होय. काळजी कशाची करावयाची, एवढेच ठरवावयाचे आहे.

अपशकुनाची काळजी करू नये. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरावरून त्या आठवड्यात वटवाघूळ उडाले होते हे खरे असेल. पण ते आदल्या आठवड्यातही उडाले होते आणि पुढेही रोज उडणार आहे. या विषयावर याहून अधिक शाई खर्च करण्याची आमची इच्छा नाही.

वटवाघूळ हा पक्षी नव्हे. पवित्र शास्त्रात, लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात, निषिद्ध पक्ष्यांच्या यादीच्या शेवटी त्याचे नाव येते. कारण उडते ते पाखरू, हीच त्या काळची रीत होती. वस्तुतः ते पिल्लांना दूध पाजणारे प्राणी आहे, आणि अशा प्राण्यांत स्वतःच्या पंखांनी खरोखर उडणारे तेवढे एकच. आपल्या घरापरसात त्याचे मुख्यत्वे तीन प्रकार दिसतात. पिंपळावर किंवा वडावर टोळीने राहणारे ते थोरले. त्याचे तोंड कोल्ह्यासारखे असते आणि पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच फूट भरतात. दुसरे मध्यम, फळे खाणारे. अशोकाच्या झाडावर किंवा ताडाच्या झावळीखाली ते दोघेचौघे मिळून राहते, पेरू-जांभळे तोंडात धरून आपल्या ओसरीत येते आणि चोथा पांढऱ्या भिंतीवर टाकते. तिसरे अगदी धाकटे, आगपेटीत मावेल एवढे. ते किडे खाते आणि कौलांखाली, भिंतीच्या फटीत किंवा दुकानाच्या पाटीमागे दिवस काढते. पहिल्या दोघांचा राग पुष्कळदा या तिसऱ्यावर काढला जातो.

थोरल्या वटवाघळाच्या मादीला वर्षाकाठी एकच पिल्लू होते. साधारणतः फेब्रुवारी ते मे या महिन्यांत ते जन्मते आणि पहिले काही आठवडे आईच्या छातीला बिलगून तिच्याबरोबर उडते. उंदीर मारले तर वर्षभरात पुन्हा तितकेच होतात. यांचे तसे नाही. एका उन्हाळ्यात टोळी नाहीशी केली तर ती भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात.

आता रोगाविषयी, कारण खरी भीती तीच आहे. मलेशियात १९९८-९९ साली डुकरांच्या गोठ्यांलगत आंब्याची झाडे लावलेली होती. वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळे खाली पडली, ती डुकरांनी खाल्ली, डुकरे आजारी पडली आणि त्यांच्यापासून माणसे. शंभराहून अधिक लोक दगावले व दहा लाखांवर डुकरे मारावी लागली. तेथील एका गावावरून त्या रोगाच्या विषाणूला निपाह हे नाव मिळाले. बांगलादेशात २००१ पासून हा रोग पुनःपुन्हा उद्भवला. तेथे खजुराच्या झाडाला रात्री बांधलेल्या मडक्यातील रस वटवाघळे चाटतात आणि माणसे तो सकाळी कच्चाच पितात. आपल्या देशात माणसांतील उद्रेक पश्चिम बंगाल व केरळ येथे झाले. कोझिकोड व मलप्पुरम या जिल्ह्यांत २०१८ साली १७ जणांचा बळी गेला. महाराष्ट्रातही, महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने मार्च २०२० मध्ये घेतले असता, त्यांत या विषाणूचा माग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेस लागला. ही माहिती झाकून ठेवण्यासारखी नाही.

पण तीच माहिती नीट पाहावी. मलेशियात काय किंवा बांगलादेशात काय, वटवाघूळ माणसाच्या अंगावर धावून गेले नाही. त्याचे उष्टे माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडी गेले. म्हणून उपायही तेथेच करावयाचा. पाखराने वा वटवाघळाने चोचवलेले, दात लागलेले फळ मुलांना खाऊ देऊ नये व डुकरांनाही घालू नये. झाडाखाली पडलेले चांगले फळसुद्धा धुऊन, सोलून घ्यावे. ज्यांच्या वाडीत ताडी किंवा नीरा निघते त्यांनी मडक्याचे तोंड व झाडाची खाच बांबूच्या तट्ट्याने झाकावी. बांगलादेशात हा साधा उपाय उपयोगी पडला आहे. उघड्या मडक्यातील कच्चा रस कोणी कौतुकाने पुढे केला तरी घेऊ नये. विहीर व पाण्याची टाकी झाकलेली असावी. झाडाखाली गोठा वा खुराडे नसावे. विष्ठा कोरडी असताना झाडू नये, कारण तिची धूळ नाकात जाते. पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधून ती उचलावी व हात साबणाने धुवावेत. हे काम गरोदर सुनेकडे देऊ नये. एवढे पाळले तर पिंपळ आहे तेथे असू द्यावा.

आणि पिंपळ तोडला तर काय होईल? वटवाघळे जगातून जाणार नाहीत. पुढच्या गल्लीतल्या झाडावर जातील. ऑस्ट्रेलियात निपाहच्याच कुळातला हेंड्रा नावाचा विषाणू आहे. तो वटवाघळांकडून घोड्यांना व घोड्यांकडून माणसांना होतो. तेथील २५ वर्षांच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखवून दिले की, रानातील झाडे तुटली आणि फुलोऱ्याचा तुटवडा पडला म्हणजे वटवाघळे लहान लहान टोळ्यांनी वस्त्यांच्या व कुरणांच्या जवळ येतात, आणि अशा वेळी रोग उडी मारण्याचा संभव वाढतो. रोगाच्या भीतीने झाड तोडणारे लोक रोगालाच जवळ बोलावतात, असे यावरून दिसते. कोरोनाच्या साथीत आपल्याकडे वटवाघळांवर मोठाच राग निघाला. दक्षिण आशियातील ६४ अभ्यासकांनी एप्रिल २०२० मध्ये पत्रक काढून, ही साथ वटवाघळे पसरवीत नाहीत असे सांगितले. गावोगाव तो रोग एका माणसाने दुसऱ्याला दिला, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

मध्य प्रदेशात शहरातील झाड तोडण्यास २००१ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ही गोष्टही सह्या घेणाऱ्यांच्या ध्यानात आणून द्यावी. गच्चीवर आलेली एखादी फांदी छाटून मिळावी आणि झाडाखालची जागा नेमाने धुतली जावी, असा अर्ज असेल तर आम्हीही आनंदाने सही करू. फक्त छाटणी पिल्लांच्या दिवसांत नको. पावसाळा सरल्यावर करावी.

आजवर कायद्यानेही या प्राण्याची बूज राखली नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे कावळे-उंदरांच्या पंक्तीस, उपद्रवी म्हणून बसविली होती, कोणीही मारावीत. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली व १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती अमलात आली. तरीही दम्यावर वटवाघळाचे मांस आणि सांधेदुखीवर त्याचे तेल सांगणारे वैदू अजून भेटतात. रोगाच्या भीतीने झाड तोडावयास निघालेल्या माणसाने तेच जनावर औषध म्हणून कापावे, हे आमच्या बुद्धीस अनाकलनीय आहे. निपाहची खरी धास्ती घ्यावयाची तर या तेलाची घ्यावी.

वटवाघळांचे उपकार सांगताना लोक पुष्कळदा अतिशयोक्ती करतात. घरातले सारे डास ती खाऊन टाकतील असे काही नाही. पण शेतावरचा त्यांचा उपयोग खरा आहे. माळव्यात हरभरा मोठा पिकतो, आणि हरभऱ्याचा वैरी म्हणजे घाटेअळी. तिचा पतंग रात्री हिंडून अंडी घालतो. धाकटी वटवाघळे रात्रभर अशाच पतंगांवर जगतात. इंदूरच्या पलीकडे मांडूला गोरखचिंचेची प्रचंड झाडे आहेत. त्यांची मोठी पांढरी फुले सायंकाळनंतर उमलतात, कारण त्यांचे पाहुणे रात्रीचे आहेत. मोहाचेही तसेच. झाबुआ-अलीराजपूरकडील कुटुंबे ज्या मोहाची फुले वेचून वर्षाचा काही आधार मिळवतात, त्या मोहाच्या बिया लांब नेऊन टाकण्याचे काम वटवाघळे करतात. आपल्या वसईच्या वाडीतील केळफुलावर रात्री बत्ती धरून पाहावे. मध्यम वटवाघूळ तेथे मध चाटताना दिसण्याचा संभव आहे.

वसईचे नाव निघाले म्हणून वाडीवाल्यांची तक्रारही सांगितली पाहिजे. तिच्यात तथ्य आहे. पेरू, पपई, द्राक्षे यांचे नुकसान होते आणि ते सोसणाऱ्याला जंगलाच्या गोष्टी सांगून भागत नाही. केळीचा लोंगर हिरवाच उतरवतात, चिकूही पिकण्याआधी काढतात, तेव्हा तेथे हानी थोडी. पेरूला पिशव्या बांधाव्यात. जाळे लावावयाचे तर बारीक विणीचे, पांढरे व ताणून लावावे. सैल व बारीक दोऱ्याच्या जाळ्यात वटवाघूळ गुरफटून दोन-दोन दिवस तडफडते, त्याच्यासवे साप व पक्षीही अडकतात, आणि ते सोडवावयास गेलेल्या मुलाला चावा बसतो.

चावा बसलाच तर क्षणभरही हयगय करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पिसाळरोगाच्या लसीविषयी विचारावे. हळद-चुना लावून घरी बसू नये.

संक्रांतीचा मांजा झाडावर राहतो, त्यात पंख कापले जातात. उघड्या विजेच्या तारांच्या जोडीवर थोरले वटवाघूळ दोन्ही तारांना एकदम टेकते आणि तेथेच मरून लोंबत राहते; असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले असेल. उन्हाळा याहून कठीण. गोरखपूरजवळ बेलघाट येथे मे २०२० मध्ये मोठ्या संख्येने वटवाघळे मरून पडली, तेव्हा कोरोनाच आला म्हणून गावात हाहाकार झाला. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत तपासणी झाली. कोरोनाही नव्हता आणि पिसाळरोगही नव्हता. ती उन्हाने मेली होती. उज्जैनचा मेही काही कमी नाही. वैशाख वणव्यात पिंपळाखाली एखादे निपचित पडलेले दिसले तर मुलांना दूर ठेवून वनखात्यास कळवावे.

राहता राहिला घरात शिरलेल्या वटवाघळाचा प्रश्न. ते केसांत गुंतते असे आयाबाया सांगत आल्या आहेत. इटलीतील पाविया येथे फादर लाझारो स्पालान्झानी नावाचे एक धर्मगुरू अध्यापक होते. त्यांनी १७९३ साली असे पाहिले की, डोळे निकामी केलेले वटवाघूळही कशालाही न धडकता उडते. पुढे जिनीव्हाच्या लुई ज्युरिन यांनी त्यांचे कान बंद करून पाहिले, तेव्हा मात्र ती भिंतींवर आदळू लागली. प्रयोग क्रूर होता यात शंका नाही. आणि गंमत अशी की लोकांनी त्यावर विश्वासही ठेवला नाही. अखेर १९३८ साली अमेरिकेतील डोनाल्ड ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने यंत्र लावून, माणसाला ऐकू न येणारी त्यांची किंकाळी ऐकली. धाकटे वटवाघूळ ती किंकाळी फोडते आणि तिच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. ज्याला अंधारात पतंग सापडतो त्याला बाईमाणसाचे डोके दिसत नाही, हे कसे व्हावे? थोरल्याला ही विद्या अवगत नाही. तो डोळ्यांनी व नाकाने चालतो, आणि सहसा खोलीत येतही नाही.

तेव्हा खोलीत वटवाघूळ आले की प्रथम पंखा बंद करावा. केरसुणीने जितकी मरत नसतील तितकी पंख्याच्या पात्यांनी मरतात. मग मुलांना बाहेर काढून आतले दार लावावे, खिडक्या सताड उघडाव्या, दिवा मालवावा आणि बाहेर बसावे. बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ते निघून जाते. जमिनीवर पडले असेल तर उघड्या हाताने उचलू नये. जाड फडके टाकून, डबा पालथा घालून, खालून पुठ्ठा सरकवून बाहेर न्यावे आणि डबा झाडाच्या बुंध्याशी, छातीइतक्या उंचीवर आडवा धरावा. जमिनीवरून पुष्कळ वटवाघळांना झेप घेता येत नाही; साल पकडून वर चढले म्हणजे घेता येते. ज्या फटीतून ते आत आले ती फट दुसऱ्या दिवशी बुजवावी. मात्र सायंकाळी, सारी बाहेर पडल्यावर बुजवावी. नाहीतर आत कोंडलेली मरून कुजतात आणि त्या दुर्गंधीने घर सोडण्याची पाळी आपल्यावरच येते.