वारा कुणाच्या नावावर?

मध्यंतरी आमच्या ऑफिसात ‘ग्रीन वीक’ साजरा झाला. म्हणजे काय, तर कागदी कप बंद झाले, लिफ्टसमोर एक मोठं पोस्टर लागलं आणि एचआरच्या मॅडमनी सगळ्यांना मेल टाकला की आपल्या बिल्डिंगची निम्मी वीज आता वाऱ्यापासून येते. पोस्टरवर हिरवागार डोंगर, निळं आभाळ आणि तीन पांढऱ्याशुभ्र पवनचक्क्या. माणूस एकही नाही. मीपण त्याच्यासमोर उभी राहून सेल्फी काढला. खोटं कशाला बोलू, सही आला होता.

त्याच शनिवारी मामाचा फोन. “आगं पोरी, तू आफिसात असली कागदं रोज बघतीस न्हवं? एक डाव येऊन जा. पवनचक्कीवाल्यांचं करारपत्र आलंय. समदं इंग्रजीत हाय.”

माझा मामा पाटण तालुक्यातला, वनकुसवडेच्या पठाराच्या अंगाला. तुम्ही विकेंडला ठोसेघरचा धबधबा बघायला गेला असाल तर पुढे चाळकेवाडीलाही नक्की गेला असाल. धुकं, भाजलेलं कणीस आणि मागे चक्क्यांची रांग. फोटोला एकदम परदेश. तिथले लोक त्या कातळाच्या पठाराला ‘सडा’ म्हणतात. आपल्याला तो बॅकग्राउंड वाटतो, त्यांच्या गुरांचं ते चराऊ रान.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी या सड्यांवर चक्क्या यायला लागल्या. त्यामागचा फंडा नुसता वाऱ्याचा नव्हता. तेव्हा पवनचक्कीत पैसे घातले की पहिल्याच वर्षी तिच्या पूर्ण किमतीएवढा घसारा दाखवता यायचा. म्हणजे चक्की किती फिरते यापेक्षा टॅक्स किती वाचतो, हा हिशेब आधी. जमिनी घेणारे दलाल आले. “वर काय पिकतंय तुमचं? नाचणी न् वरी!” असं म्हणून मामाचा दोन एकर माळ त्यांनी घेतला. त्या पैशांत मामाने मावशीचं लग्न केलं आणि एक म्हैस घेतली. म्हैस जाऊन पंधरा वर्षं झाली. चक्की अजून उभी आहे.

मला आठवतंय, २००५ च्या सुमारास सुट्टीत गेलो की तिथे तासन्‌तास लोडशेडिंग असायचं. अंगणातून लांबवर चक्की फिरताना दिसायची आणि मामी कंदिलाची काच पुसत बसलेली. मी विचारलं होतं, “मामा, ही वीज आपल्याकडे का नाही येत?” मामा म्हणाला, “ती मोठ्या तारंवरनं जाती. आपली तार बारीक.” उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. वीज ग्रिडमध्ये जाते, तिथून ज्याच्याशी करार त्याच्या बिलात ती जमा होते. चक्कीखालचं गाव त्या हिशेबात कुठेच नाही.

त्याच दशकात दुष्काळ पडला, तेव्हा सातारा-सांगलीकडे अशी समजूत पसरली की चक्क्या ढग पळवून लावतात. शहरात लोक हसले. मीपण हसले होते. पण आता वाटतं, ज्यांना कुणी कधी काही समजावूनच सांगितलं नाही, त्यांनी आपल्या परीने उत्तर शोधलं. त्यात हसण्यासारखं काय होतं?

तर मी गेले. करारपत्र बावीस पानांचं. जुन्या छोट्या चक्क्यांच्या जागी मोठी मशीन्स आणायची टूम आता सगळीकडे आहे. केंद्र सरकारनं त्यासाठी २०२३ मध्ये धोरणही आणलं. कल्पना चांगलीच आहे, कमी खांबांत जास्त वीज. पण कागद वाचता वाचता माझा चहा गार झाला. जमीन २९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. भाडं दरवर्षी वाढणार की नाही, उल्लेख नाही. कंपनीने पट्टा परस्पर दुसऱ्याला द्यायची मुभा, मात्र आहे. २९ वर्षांनी जमिनीतलं काँक्रीट कोण काढणार, उल्लेख नाही. आणि घरापासून अंतर? तेही नाही. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून घरापासून किमान ५०० मीटर लांब राहायला सांगितलंय. मी मामेभावाबरोबर पावलं मोजत गेले. चारशेच्या आत खुंटी.

शिवाय एका कोपऱ्यात अर्धा एकर ‘स्टोरेज’साठी. म्हणजे बॅटऱ्यांचे कंटेनर. बॅटऱ्या हव्यातच. आपण संध्याकाळी घरी येऊन एसी, गीझर, मिक्सर एकदम लावतो तेव्हा वारा काही आपली ड्यूटी बघून वाहत नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या बॅटरी केंद्राला आग लागली, तेव्हा हजारावर लोकांना घरं सोडून जावं लागलं. तिथे बॅटऱ्या जुन्या वीज केंद्राच्या इमारतीत दाटीवाटीने ठेवलेल्या होत्या. कंटेनर सुटे, अंतर ठेवून लावले तर धोका पुष्कळ कमी होतो. पण ते अंतर कागदावर नको? मामीने माझ्या डोक्यातही नव्हता असा प्रश्न विचारला, “पेटलं तर बंब कुठनं यायचा बाई? घाट चढून?”

दुपारी सड्यावर फिरताना मामेभावाने एक सरडा दाखवला. गळ्याला निळा, काळा, केशरी पंखा. या सरड्याला २०१६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, ‘सराडा सुपर्बा’, आणि त्यातलं ‘सराडा’ आपल्या मराठी सरड्यावरूनच आलंय. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी याच चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट. चक्क्यांच्या भागात पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त, पण हडकुळे, आणि गळ्याचे रंगही फिके. एक पातं फिरतं आणि खालचं सगळं गणित हलतं. तरी २००६ च्या अधिसूचनेनुसार पवनचक्की प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागतच नाही. जमीन वनखात्याची असेल तरच त्यांची परवानगी.

मग काय, पवनचक्क्या नकोतच? तसं अजिबात नाही. कोळशाचा धूर दुसऱ्या कुणाच्या तरी गावात जातोच ना. पण कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ मिडलग्रुंडेनला २००० साली वीस चक्क्या समुद्रात उभ्या राहिल्या, त्यातला निम्मा हिस्सा आठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेचा. साखर आणि दूध सहकारातून उभं करणाऱ्या महाराष्ट्राला ही आयडिया नवीन वाटायला नको.

रात्री घरात लोच्या झाला. मामेभावाला सही करायची होती, ट्रॅक्टरचे हप्ते थकलेत. “तू उद्या पुण्याला जाशील. शेजाऱ्यानं सही केली तर चक्की तिकडं जाईल, आन् आवाज आमालाच,” तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. शेवटी मी चार मुद्दे मराठीत लिहून दिले: कराराची मराठी प्रत, घरापासून ५०० मीटर, दरवर्षी भाडेवाढ, आणि शेवटी काँक्रीट काढायची हमी पैशांसकट.

परवा मामाचा फोन आला. कंपनीचा माणूस मराठी प्रत द्यायला तयार आहे. खुंटीही मागे सरकवतो म्हणाला. उरलेल्या दोन मुद्द्यांवर ‘वर विचारून सांगतो’. मामाने अजून सही केलेली नाही. शेजाऱ्याने केली.

सोमवारी मी एचआरच्या मॅडमना विचारलं, आपली वीज नक्की कुठल्या डोंगरावरून येते? पोस्टरवरचं गाव कुठलं?

“अगं, तो फोटो नेटवरनं घेतलाय,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, फोटो राहू दे. करार कुणाशी आहे आणि जमीनवाल्याला काय मिळतं, तेवढं विचारून सांगाल? त्यांनी डायरीत लिहून घेतलंय. तुमच्या ऑफिसातही असं एखादं पोस्टर असेल. तुम्हीही विचारून बघा.