हवेची रोजकीर्द

उन्हाळा लागला की टायरमधली हवा दोन-चार पौंड कमीच ठेवावी, कारण उन्हाने ती फुगते आणि टायर फुटतो, हा समज सांगली-साताऱ्याकडच्या वाहनधारकांत इतका दृढमूल आहे की त्याविरुद्ध बोलणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात. वस्तुतः हवा अपुरी असली म्हणजे टायरची बगल प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक दुमडते, रबराच्या अंतर्गत घर्षणाने उष्णता साठत जाते, आणि भरधाव वेगात टायर फुटण्याचे ते एक प्रमुख कारण ठरते. असे असूनही मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर उतरणारा जाणता चालक मात्र नेमके हेच कृत्य बुद्धिपुरस्सर करतो, म्हणजे सकाळी टायर थंड असताना हवा नेहमीपेक्षा कमी ठेवतो, आणि तरीही त्याचे कृत्य शास्त्रशुद्ध असते. एकच कृत्य एकाचे अज्ञान आणि दुसऱ्याचे कौशल्य का ठरावे, याचे उत्तर मला तरी त्या दुसऱ्याच्या खिशातील वहीत सापडते.

बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो, हे शाळकरी पदार्थविज्ञान झाले. पहाटे 25 अंशांवर 28 पौंड हवा भरलेला टायर दहा-बारा मिनिटांच्या जोरकस फेऱ्यांनंतर आतून 70 अंशांवर पोचला, तर तीच हवा 34 पौंडांच्या वर जाते. ट्रॅकवर पकड मिळते ती या तापलेल्या दाबावर, सकाळच्या आकड्यावर नव्हे. म्हणून कुशल चालक आधी गरम टायरचा इष्ट दाब मुक्रर करतो आणि तेथून उलट हिशेब करीत थंड दाबापाशी येतो. हा हिशेब मागील नोंदींवाचून होत नाही. माघातल्या पहाटेचा आकडा वैशाखातल्या दुपारी लावणे म्हणजे दाखल्यावाचून फैसला देणे होय.

आपल्या भागात या गोष्टीचे अगत्य वाटावे असे कारणही आहे. सांगलीपासून तास-दीड तासाच्या अंतरावर कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, तेथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत धावून आलेला आहे. कार्टच्या चिमुकल्या टायरांत हवाच मुळी दहा-पंधरा पौंड असते. तेथे अर्ध्या पौंडाची तफावतही वळणावर कळते. कोइमतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हौसेने मोटार घेऊन जाणारे तरुणही इकडे आता अपरिचित राहिलेले नाहीत. परंतु या हौशी मंडळींचा पैसा प्रथम जातो तो सायलेन्सर, रुंद चाके आणि स्टिकर यांवर; बिनचूक प्रेशर गेज, उष्णतामापक आणि शंभर पानी वही यांची पाळी शेवटी येते, आणि बहुधा येतच नाही. माझ्या मते हा क्रम सर्वस्वी उलटा आहे.

तापमानाची नोंद तर दाबाहूनही बोलकी असते. मोटार पिटमध्ये येऊन थांबताच, टायर निवण्यापूर्वी, सुईचा उष्णतामापक रबरात किंचित रुतवून प्रत्येक टायरचे तापमान आतील कड, मध्य आणि बाहेरील कड अशा तीन ठिकाणी घ्यावयाचे असते. मध्यभाग दोन्ही कडांहून तापलेला असेल तर हवा जास्त झाली, कडा तापून मध्य गार राहिला तर कमी पडली, आणि आतील कडच अवाजवी तापली असेल तर चाकाचा आतला झुकाव, ज्यास कारागीर कॅम्बर म्हणतात, गरजेपेक्षा अधिक आहे, असे सामान्यतः समजावे. दुरून तापमान दाखविणारी इन्फ्रारेड गन सोयीची खरी, पण ती केवळ पृष्ठभाग पाहते, आणि पृष्ठभाग पिटपर्यंत येता येताच निवतो. शिवाय ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे अधिक, म्हणून भार डाव्या टायरांवर पडतो. चारही चाकांत सारखी हवा भरून समाधान मानणाऱ्यास हे गणित वहीवाचून उमगत नाही.

आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 40 फुटांवर आले की इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे सांगलीतील पोरासोरांनाही ठाऊक असते. परंतु पुरात कोणीही केवळ फूट विचारून थांबत नाही, तासाभरापूर्वी किती होते आणि पाणी चढते आहे की उतरते, हे विचारतो. टायरच्या आकड्यासही तोच न्याय लागू आहे. वेळ, हवेचे नि डांबराचे तापमान, धावलेल्या फेऱ्या, टाकीतील पेट्रोल, चालक कोण आणि मागील खेपेपासून काय बदलले, हा तपशील शेजारी नसेल तर तो आकडा निराधार असतो. बदलही एका वेळी एकच करावा. हवा आणि कॅम्बर दोन्ही एकदम हलवून वेळ सुधारली, तर श्रेय कोणास द्यावयाचे याचा निवाडा ब्रह्मदेवासही करता येणार नाही. गेज मात्र नेहमी एकच वापरावे. ते अर्धा पौंड चुकीचे असले तरी चालेल, कारण त्याची चूक तरी दरवेळी सारखीच राहते. लिहिण्याचे काम चालकाकडे न देता सोबत्याकडे द्यावे हे उत्तम, कारण नुकताच वेगातून उतरलेला माणूस प्रत्येक फेरी उत्तम झाल्याचेच सांगतो.

आता परतीच्या प्रवासाचे. गरम टायरमधून हवा सोडून 32 पौंडांवर आणलेली मोटार रात्रीच्या गारव्यात 25-26 पौंडांवर उतरते, आणि तीच मोटार, माणसे आणि सामान भरून, महामार्गावर शंभराच्या वेगाने घरी निघते. ट्रॅकवरचे कौशल्य येथे पुन्हा त्या आरंभी सांगितलेल्या अज्ञानाच्या पंगतीस जाऊन बसते. दाराच्या कडेवर कंपनीने छापलेला दाब थंड टायरचा असतो, आणि रस्त्यासाठी तोच प्रमाण होय. म्हणून माझी सूचना आयोजकांस आहे: हेल्मेट पाहिल्याखेरीज कोणास ट्रॅकवर सोडत नाहीत, तसेच टायर निवल्यावर हवा भरून त्याची नोंद वहीत झाल्याचे पाहिल्याखेरीज कोणास फाटकाबाहेर सोडू नये, आणि त्यासाठी एक कॉम्प्रेसर संध्याकाळी उशिरापर्यंत चालू ठेवावा.