जुन्या बंदुकीचा भाव

आम्ही कापडवाले. तागा पडून राहिला तर भाव उतरवतो, माल निघतो. परवान्याच्या बंदुकीचे तसे नाही. ती परवानाधारकालाच विकता येते, म्हणून गिऱ्हाईक मुळातच थोडे. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली. विकणारे वाढले, घेणाऱ्यांचे हात बांधले गेले.

कळंबसारख्या किनाऱ्यावरच्या गावात एखाद्या घरी वडिलांच्या पश्चात बंदूक राहते. वारस म्हणतो, विलायती आहे, आता आयात होत नाही, पडत्या भावात देणार नाही. विलायती मालाला मोल आहे, हे कबूल. पण खाऱ्या हवेने नळी गंजली असेल तर नुसत्या नावाला कोण पैसे मोजणार?

वारसाकडे परवाना नसेल तर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा असताना ठरलेल्या मुदतीत ती विकता येते. मुदत टळली की सरकारजमा होऊ शकते. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे खासगी सौद्याआधी घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. हे दिवसही हिशेबात धरावेत.

म्हणून बांधवांना आमचा सल्ला असा: बंदूक जमा करताच दोन-तीन विक्रेत्यांकडून किंमत काढावी आणि रास्त आकडा मिळाला की सौदा करावा. मुदत संपत आली, की भाव गिऱ्हाईकच ठरवते.