कांचेआडचे बालगंधर्व

चित्रकाराचें प्रदर्शन भरवावयाचें म्हणजे त्याचीं चित्रें भिंतीवर लाविलीं कीं काम झालें. शिल्पकाराचेंही बहुतेक तसेंच. गायकाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याची कृति भिंतीवर टांगतां येत नाहीं. टांगतां येतात तीं त्याचीं छायाचित्रें, आणि मांडतां येतात तीं त्याचीं वस्त्रें, पत्रें व मानपत्रें. या वस्तु गायकाच्या असल्या तरी त्या म्हणजे त्याचें गाणें नव्हे. हा साधा भेद विसरला गेला म्हणजे कसलें प्रदर्शन निर्माण होतें, याचा अनुभव आम्हांस गतवर्षीं आला. तो आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींच्या व त्यांच्या पालकांच्या कानीं घालावा असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

बालगंधर्वांचें नांव आमच्या पिढीस पुष्कळसें २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटामुळें ठाऊक झालें. त्या चित्रपटांतील गळा श्री. आनंद भाटे यांचा आहे. मूळ आवाज आम्हीं ऐकला तो मागाहून, घरांतील वडील मंडळींनीं लावून दिलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून. प्रथम नुसती खरखर, मग ऑर्गनचे सूर, आणि त्यांतून एकाएकीं वर येणारा तो कोंवळा, परंतु जराही न डळमळणारा स्वर! स्वयंवर नाटकांतील यमन रागांतलें पद ऐकल्यापासून आम्ही त्या आवाजाचे चाहते झालों, तें कायमचे. तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ दक्षिण मुंबईंत प्रदर्शन भरल्याचें कळतांच आम्ही रविवारीं सहकुटुंब निघालों. पवईहून बसनें कांजूरमार्ग, तेथून आगगाडी, आणि पुढें पायीं. भरविणाऱ्या संस्थेचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. अशीं प्रदर्शनें अनेक ठिकाणीं भरतात व त्यांची तऱ्हा थोड्याफार फरकानें एकच असते.

दीड तास रांगेंत उभें राहून आंत शिरलों तों पुढें माणसांच्या पाठी, आणि पाठींच्या वर उंचावलेले मोबाईल! कांचेच्या पेटींत एक शालू ठेविला होता. त्याची जर कशी आहे, पदर कोणत्या रंगाचा आहे, हें आम्हांस पुढच्या गृहस्थाच्या मोबाईलच्या पडद्यावरच दिसलें. मागून ‘पुढें चला, पुढें चला’ असा पहारेकऱ्याचा घोष चाललेलाच होता. पदें लाविलेलीं नव्हतीं असें नाहीं. एकाच दालनाच्या चार कोपऱ्यांत चार कर्णे होते व त्यांतून चार निरनिराळीं पदें एकाच वेळीं चाललीं होतीं. त्यांत हरवलेल्या मुलांच्या नांवांचा पुकारा. कोणतें पद कोठें संपलें व कोणतें कोठें सुरू झालें, हें प्रत्यक्ष बालगंधर्वांनाही सांगतां आलें नसतें.

हें सारें आम्ही गर्दीचा त्रास म्हणून सोडून दिलें असतें. परंतु एका मोठ्या छायाचित्रासमोर जें पाहिलें तें विसरतां येत नाहीं. छायाचित्र स्त्रीवेषांतलें होतें. आमच्याच वयाचीं पांचसहा मुलें तेथें उभीं होतीं. खालच्या पाटीवर जन्म २६ जून १८८८, मृत्यु १५ जुलै १९६७, आणि ‘नारायण श्रीपाद राजहंस’ हें नांव, इतकेंच. नांव वाचून एकजण म्हणाला, ‘अरे, हा तर पुरुष!’ आणि सर्वांत हशा पिकला. मग त्या चित्राजवळ उभें राहून, तोंडें वेडींवांकडीं करून त्यांनीं स्वतःचीं छायाचित्रें काढलीं व तीं पुढें गेलीं.

आम्हांस राग आला. परंतु शांतपणें विचार करतां त्या मुलांचा दोष काय? त्या काळीं बहुतेक मराठी नाटकमंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. त्यांत नारायणरावांची योग्यता अशी कीं, त्यांचें लुगडें नेसणें व केसांत फुलें माळणें पाहून घरंदाज स्त्रियाही त्यांचें अनुकरण करूं लागल्या. १२ मार्च १९११ रोजीं ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला; त्याच दिवशीं त्यांची तान्ही मुलगी वारली असतांही भामिनीची भूमिका करण्यास ते उभे राहिले, ही हकीकत महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. यांतलें एक अक्षरही त्या पाटीवर नव्हतें. आणि असतें तरी आमच्या मतें तें अपुरेंच ठरलें असतें. त्या चित्राशेजारीं तो आवाज ऐकूं आला असता तर हसणारीं मुलें निदान क्षणभर तरी थबकलीं असतीं. आवाज काढून घेतला कीं उरतें तें लुगडें नेसलेल्या पुरुषाचें चित्र; त्यास अजाण मूल हसणारच. ज्या माणसाचा गौरव करावयाचा त्याचीच अशी थट्टा प्रदर्शनाच्या हातून व्हावी, यापरतें दुर्दैव कोणतें?

कोणी म्हणेल, इतकी माणसें लोटलीं हीच बालगंधर्वांची थोरवी नव्हे काय? गर्दीशीं आमचें वैर नाहीं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडाच्या साह्यार्थ ‘संयुक्त मानापमान’ झालें. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगास लोकांची झुंबड उडाली होती. परंतु ती गर्दी आंत जाऊन आपापल्या जागीं बसली व तिनें तें नाटक ऐकलें! आतांच्या गर्दीस बसावयास जागाही नव्हती व ऐकावयास शांतताही नव्हती.

लंडन येथील व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट संग्रहालयानें २०१३ सालीं डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाचें प्रदर्शन भरविलें. त्यास तीन लाखांहून अधिक लोक गेले. तेथेंही कपडे, पत्रें, छायाचित्रें होतीं. परंतु प्रत्येकाच्या कानास हेडफोन दिलेला असे, आणि मनुष्य ज्या वस्तूजवळ जाई तिच्याशीं जुळणारें गाणें अथवा भाषण त्यास ऐकूं येई. इतका खर्च आपल्याकडे परवडणार नाहीं, असें उत्तर येईल. न परवडो. दार बंद होणारी एक लहान खोली, वीस खुर्च्या, आणि दर दहा मिनिटांस वीसच माणसें आंत सोडणारा एक नोकर, एवढ्यास फारसा खर्च लागत नाहीं.

शिवाय त्या खोलींत दोन शब्द सांगणाराही हवा. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें मावत. नाटकगृहांत तेंच पद ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ घेत कितीतरी लांबे, व प्रयोग पहाटेपर्यंत चाले. कादरबक्षांची सारंगी व अहमदजान थिरकवांचा तबला त्या कंपनींत साथीस असे. म्हणजे आज आपल्या हातीं आहे तो त्या गाण्याचा लहानसा तुकडा. आणि तोही चार कर्ण्यांच्या गोंगाटांत बुडवावयाचा, हें आम्हांस कोणत्याही हिशेबानें पटत नाहीं. परतीच्या गाडींत आमच्या धाकट्या बहिणीनें विचारलें, ‘पण ते गायचे कसे?’ पांच तास खर्चून तिनें शालू पाहिला होता, आणि तिचा हा प्रश्न शिल्लक होता.

दक्षिण मुंबईस पुनः जाण्यास घरचीं माणसें आतां तयार नाहींत, व त्यांस आग्रह करण्याचें धैर्य आम्हांसही नाहीं. तेव्हां आमच्या शिक्षकांस व पालकांस एक विनंति आहे. पवईंतल्याच एखाद्या शाळेच्या सभागृहांत, सहामाही परीक्षा आटोपल्यावर, एक सायंकाळ यासाठीं द्यावी. शालू नको, पाट्या नकोत. ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या असतील त्यांनीं त्या आणाव्या. नसल्यास मोबाईलवरूनही चालेल, फक्त तो एकच असावा. पंखे बंद करून एक पद लावावें. आणि तें संपतांच, कोणीं कांहीं बोलण्यापूर्वीं, तेंच पुनः एकदां लावावें.