टेक कट्टा : एक डॉट, एक स्लॅश

प्रोग्रॅम लिहिला, कम्पाइल केला, एकही एरर नाही. कॉलर ताठ! टर्मिनलवर ऐटीत 'ए डॉट आउट' टाइप करून एंटर मारता, तर उत्तर येतं, 'कमांड नॉट फाउंड'. 'एलएस' मारून बघावं तर फाइल तिथेच, समोर! लिनक्स असो वा मॅक, नव्या भिडूला हा झटका हमखास बसतो.

डोन्ट वरी, तुमच्या कोडमध्ये खोट नाही. नुसतं नाव टाइप केलं, की शेल ते 'पाथ' नावाच्या यादीतल्या फोल्डर्समध्ये ओळीने शोधतो आणि पहिलं सापडेल ते चालवतो. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात, तो सहसा या यादीत नसतोच. म्हणून पत्ता द्यायचा : 'डॉट स्लॅश ए डॉट आउट'. डॉट म्हणजे 'इथलाच'. नावात स्लॅश दिसला, की शेल यादीच्या भानगडीत न पडता थेट त्या फाइलकडे जातो.

मग ऑफिसातला एखादा सीनियर सुचवतो, 'पाथमध्येच डॉट टाक ना, कटकट संपली!' प्लीज, नको. समजा, सगळ्यांच्या वापरातल्या 'टेम्प' फोल्डरमध्ये कुणी 'एलएस' नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम ठेवला. तुमच्या यादीत डॉट पहिला असेल, तर तिथे 'एलएस' मारताच खऱ्याऐवजी तो तोतया चालेल, आणि तोही तुमच्या अधिकाराने! तुमच्या फाइल्स उडवायला तो मोकळा. रूट म्हणून लॉगिन असाल, तर अख्खं मशीनच त्याच्या हातात. डॉट शेवटी ठेवला, तरी घाईत 'एसएल' टाइप होण्याचा सापळा उरतोच.

आणखी एक गोची. प्रोग्रॅमला 'टेस्ट' हे नाव देऊ नका. त्या नावाची कमांड शेलमध्ये आधीपासूनच आहे. तीच चालते, काही छापत नाही आणि तुम्ही तासभर स्वतःचाच कोड तपासत बसता.

जाता जाता : 'ए डॉट आउट' म्हणजे 'असेंब्लर आउटपुट'. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली जन्मलेल्या युनिक्सच्या लहानपणीचं हे नाव. ते नको असेल, तर कम्पाइल करताना 'मायनस ओ' लावून आपल्या आवडीचं ठेवा. मात्र चालवताना डॉट-स्लॅश विसरायचं नाही, बॉस!