धक्का सोपा, शोध अवघड

२७ सप्टेंबर २०२२. भारतात पहाटेचे पावणेपाच वाजत होते, तेव्हा पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटरवर नासाचे ‘डार्ट’ यान डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. यानाचे वजन जेमतेम ५८० किलो, लघुग्रहाचा व्यास सुमारे १६० मीटर. मुंगीने हत्तीला धडक द्यावी तसाच हा प्रकार; फक्त मुंगीचा वेग सेकंदाला सहा किलोमीटर होता. डिडिमॉस या थोरल्या भावंडाभोवती फिरायला डायमॉर्फसला ११ तास ५५ मिनिटे लागत. ती फेरी ३३ मिनिटांनी घटली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची, असे ठरले होते! धडकेने उडालेले दगडधोंडे मागे फेकले गेले आणि त्यांच्या रेट्याने धक्क्याचे बळ कितीतरी वाढले.

चित्रपटांतला अणुबॉम्बचा उपाय शास्त्रज्ञ शेवटचा पर्याय म्हणून राखून ठेवतात, कारण एका संकटाचे अनेक तुकडे होण्याची भीती असते. लघुग्रहाशेजारी यान ठेवून गुरुत्वाकर्षणाने त्याला हळूहळू ओढण्याची कल्पनाही आहे, पण तिला वर्षे लागतात. सगळे येऊन थांबते ते वेळेपाशी. लघुग्रहाच्या वेगात सेकंदाला एक सेंटिमीटर फरक पाडला, तर दहा वर्षांत तो किमान तीन हजार किलोमीटर सरकतो. दहा दिवसांत नऊ किलोमीटरसुद्धा नाही.

आणि शोधाचे काय? ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह पृथ्वीजवळून निघून गेल्यावर दोन दिवसांनी सापडला. २०३२ मध्ये तो आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती; संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होता. पुढील निरीक्षणांनी तो धोका टळला. २०१३ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला, वीसेक मीटरचा दगड तर कोणालाच दिसला नव्हता. तो सूर्याच्या दिशेने आला आणि दीड हजार माणसे जखमी झाली.

त्या दिशेचे लघुग्रहही टिपू शकेल अशी ‘निओ सर्व्हेयर’ ही अवरक्त दुर्बीण नासा बांधत आहे. मात्र डार्टचे कौतुक झाले त्याच २०२२ साली अर्थसंकल्पात तिचे उड्डाण दोन वर्षे लांबवण्याचा प्रस्ताव होता. आता ते २०२७ मध्ये अपेक्षित आहे. १४० मीटरहून मोठे ९० टक्के लघुग्रह २०२० पर्यंत शोधा, असे अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्येच बजावले होते. अजून निम्मेही सापडलेले नाहीत.